नानांनी न खाल्लेलं भरीत

सरांनी वार्षिकांकासाठी लेख मागितला तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. एक तर मी आजपर्यंत अर्ज आणि पत्रं यापलीकडे काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कागदावर काही लिहिणारा मीच पहिला. दुसरं म्हणजे ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्याविषयी लिहिण्याचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही. मी त्यांच्या हातचं पाच वर्षं जेवलो आणि माझ्या एका चुकीमुळे त्यांना एका गोष्टीची वाट आणखी काही वर्षं पाहावी लागली. ती चूक कुठे तरी कबूल करावी म्हणून शेवटी हा कागद पुढे ओढला आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

अमळनेरला कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांची खाणावळ होती. पाटी नव्हती. सगळे त्यांना नाना म्हणत. मी भडगावकडच्या एका खेड्यातून अकरावीला तिथे आलो, तेव्हा नाना साठीच्या आत-बाहेर असतील. उंच, काळेसावळे, डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात कायम बाह्या दुमडलेला खाकी शर्ट. तो शर्ट जहाजावरचा आहे असं मुलं सांगत, आणि ते खरं होतं. चोपडा तालुक्यातल्या केळी-कपाशीच्या घरातला हा माणूस तरुणपणी मुंबईला गेला आणि एका ओळखीने मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात लागला. तिथून तो थेट ग्रीस देशापर्यंत जाऊन आला होता. आमच्या गावातला सगळ्यात लांब गेलेला माणूस सुरतेपर्यंत गेला होता. त्यामुळे पहिले काही महिने मी नानांकडे मान वर करून पाहतच नव्हतो.

पहिल्या दिवशीची गोष्ट सांगतो. मी भराभर जेवलो. लोकांसमोर जेवायची सवय नव्हती, लवकर उठावं एवढंच डोक्यात होतं. ताट उचलून उठलो तर नानांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. पंगतीतला शेवटचा मुलगा जेवेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा त्यांचा नियम होता. शेवटचा होता तो चोपड्याचा एक मुलगा, केळीवाल्याचा, आणि तो मुद्दाम एकेक दाणा चावत होता. मी रिकाम्या ताटासमोर अर्धा तास बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. तिसऱ्या दिवशी मी हळू जेवायला लागलो आणि चौथ्या दिवशी शेजारच्याशी बोललो. आज मी चार माणसांत बोलू शकतो त्याचं श्रेय त्या नियमाला आहे. नानांनी तो नियम ग्रीसमधून आणला होता.

स्वयंपाकही त्यांनी तिथूनच आणला होता, पण दिसायला तो अगदी आपला वाटायचा. हरभरे रात्रभर भिजत, मग मंद आचेवर मातीच्या भांड्यात दुपारपर्यंत शिजत. त्यात कांदा आणि लिंबू, मसाला जवळजवळ नाहीच. चवळीत पोकळ्याची भाजी चिरून घातलेली असे. टोमॅटोची टोपी कापून, आतला गर काढून त्यात तांदूळ, कांदा आणि ओव्याची पानं भरलेली असत. गिलकी, वांगी, बटाटे एकाच परातीत आडवे लावून, वरून दुसरी परात ठेवून आणि त्यावर निखारे टाकून भाजलेले असत. दूध, तूप, दही त्यांच्या स्वयंपाकघरात जवळजवळ येतच नसे. एकदा त्यांनी कुठून तरी द्राक्षाच्या वेलीची पानं आणून त्यात भात गुंडाळला. तो चोपड्याचा मुलगा, आता माझा मित्र झालेला, म्हणाला, "नाना, बकऱ्या आमच्या आधी जेवल्या का नंतर जेवणार?" नानांनी त्याला चार जास्त वाढले. त्याने ते खाल्ले आणि आणखी मागितले.

तिकडे झाडाच्या फळाचं तेल वापरतात, ते इथे मिळायचं नाही. नाना कितीतरी घाण्यांवर फिरले होते म्हणे. शेवटी गावाबाहेरच्या एका बैलघाण्याचं तिळाचं तेल त्यांना त्याच्या जवळचं वाटलं. ते तेल ते फोडणीत फार वापरत नसत. पदार्थ शिजून खाली उतरला की वरून कच्चं सोडत. हे आम्हाला नवीन नव्हतं, खिचडीवर कच्चं तेल घ्यायची खानदेशात रीतच आहे. पण नाना ज्या तऱ्हेने ते सोडत, ते बघत राहावं असं होतं. बाटली उंच धरायची, धार बारीक, हात गोल फिरवायचा आणि ओठ मिटलेले. "तेल जाळानं नही," ते म्हणत, "वाढानं ऱ्हास." म्हणजे तेल जाळायचं नसतं, वाढायचं असतं. पाच वर्षांत मी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे.

आणि याच माणसाच्या खाणावळीत ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून चौदा तारखेपर्यंत तेलाचा एक थेंब नसे.

खानदेशी मुलांना तेलाशिवाय जेवण म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे भाजीवर बोटभर लाल तेल तरंगलं नाही तर पाहुण्याला वाटतं की यजमान रागावला आहे. पहिल्या आठवड्यातच निम्मी मुलं दुसरीकडे जेवायला जात. "आज आमटीला नुसती आंघोळ घातली वाटतं," असं म्हणून चोपड्याचा मित्र रोज निघून जाई आणि बाजूच्या हॉटेलात शेवभाजी खाऊन येई. मी राहायचो. निष्ठेने राहायचो असं नाही, मला दुसरीकडे जायचा संकोच वाटे. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की सगळे परत येत, कारण त्या दिवशी नाना सगळ्यांना पोटभर आणि तेल सोडून सोडून वाढत. स्वतः मात्र त्या दिवशीही कोरडी भाकरी आणि कांदा खात.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र होती. ते भरीत खात नसत.

हिवाळ्यात आमच्याकडे भरिताच्या पार्ट्या होतात. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात मोठी हिरवी वांगी टाकायची, साल काळी झाली की काढून लाकडाच्या खोलगट बडगीत कुटायची, आणि मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून तेलात सोडायची. भरीत तिथेच, उभ्या उभ्या, हात भाजत खायचं असतं. अमळनेरच्या आसपास कुणाची पार्टी असली की नानांना बोलावणं यायचं. त्यांच्यासारखं वांगं कुणाला भाजता यायचं नाही. ते जाळाकडे पाठ करून बसत आणि वांगं उलटायची वेळ नुसत्या आवाजावरून सांगत. "ते डावीकडचं, ते आता बोलतंय," म्हणत. मीठ चाखत नसत, वास घेऊन टाकत. शंभर माणसं बोटं चाटत असताना ते विहिरीच्या थारोळ्याच्या कठड्यावर बसून भाकरी आणि कांदा खात. का, हे कुणी विचारत नसे. जहाजावर काही तरी झालं असेल, एवढंच लोक म्हणत.

मला कळलं ते माझ्या इंग्रजीमुळे.

मी एफ.वाय.ला इंग्रजी विषय घेतला होता. घेतला म्हणजे, इंग्रजीच्या सरांनी विचारलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. ऑगस्टमधल्याच एका दुपारी, त्या बिनतेलाच्या दिवसांत, सगळे गेल्यावर नानांनी मला थांबवलं. हात पुसत समोर बसले आणि म्हणाले, "तुले इंग्रजी येस ना?" मी म्हणालो, थोडं थोडं. त्यांनी फळीवरून एक नवी वही आणि पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत सांगतो.

त्यांचं जहाज एका ग्रीक बेटाच्या बंदरात बिघडून पडलं. मालकाने हात वर केले. माणसं तिथेच अडकली, दोन उन्हाळे. नानांच्या घरात मांस-मासळी कधी शिजली नव्हती. भटारखान्यात ते दुसऱ्यांसाठी सगळं रांधत, स्वतः पाव आणि कांदा खात. बंदरावर एक म्हातारी जहाजावरच्या लोकांचे कपडे धुवायची. तिचं नाव नानांना कधी कळलं नाही. सगळे तिला तिकडच्या भाषेत आजी म्हणत, नानाही तेच म्हणत. तिने या माणसाला महिनाभर पाव-कांदा खाताना पाहिलं आणि तिची समजूत झाली की हा काही तरी मोठा उपास करतोय. त्यांच्या धर्मात मोठे मोठे उपास असतात, त्यात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. आपण चाळीस दिवस करतो आणि हा वर्षभर करतोय, म्हणून ती नानांना फार मानायला लागली. निळ्या दाराच्या आपल्या घरी नेऊन ती त्यांना रोज उपासाचं रांधून घालू लागली. हरभरे, चवळी, डोंगरावरचा पाला, तांदूळ भरलेले टोमॅटो. नानांनी तिची समजूत कधी दुरुस्त केली नाही. आधी भाषा येत नव्हती म्हणून, आणि भाषा आल्यावर लाज वाटली म्हणून.

ऑगस्टच्या पंधरा तारखेला त्यांच्याकडे देवाच्या आईचा मोठा सण असतो आणि त्याआधीचे चौदा दिवस उपास. नानांना तारीख पक्की आठवत होती, कारण आपलाही झेंडा त्याच दिवशी. दुसऱ्या उन्हाळ्यातल्या त्या दिवसांत म्हातारीने तेलाची बाटली वरच्या फळीवर ठेवून दिलेली नानांनी पाहिली. त्यांना वाटलं, बिचारीचं तेल संपत आलं आहे, ती माझ्यासाठी राखून ठेवते आहे.

चौदा तारखेला सकाळी म्हातारी डोंगरावरच्या देवळात गेली. ती गेल्यावर बंदरावर माणूस आला की दुपारच्या बोटीने सगळ्यांनी निघायचं, घरी पाठवायची सोय झाली आहे. नानांना तिची वाट पाहण्याएवढा वेळ नव्हता. दोन उन्हाळे तिने खाऊ घातलं आणि आपण तिला एकदाही आपल्या हातचं वाढलं नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. तिच्या परसात वांगी होती. त्यांनी द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांवर ती भाजली, कुटली, लसूण आणि वाळलेली लाल मिरची घातली, आणि फळीवरची बाटली काढून निम्मी त्यात ओतली. खानदेशी माणूस दुसरं काय करणार? भांडं चुलीवर ठेवून वर ताटली झाकली आणि ते निघाले.

बोट सुटल्यावर बरोबरचा एक ग्रीक खलाशी त्यांना म्हणाला, आज आम्हा कुणाला तेल चालत नाही. वर्षातल्या कडक दिवसांतला हा एक. आज जो तेल खाईल त्याचा चौदा दिवसांचा उपास गेला.

नाना हे सांगून थांबले. मग आपली टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना टोपीशिवाय तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"तिनी खादं व्हई, तं मन्हामुळे तिना उपास मोडना," ते म्हणाले. "नही खादं व्हई, तं फेकी दिधं व्हई. तिनी खादं का नही, इतलंच इचार."

तिने खाल्लं असेल तर माझ्यामुळे उपास मोडला, नसेल खाल्लं तर माझं अन्न तिने फेकून दिलं. वीस-बावीस वर्षं ते या दोन गोष्टींच्या मध्ये उभे होते. तिसरं काही असू शकेल असं त्यांना सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही.

मला ते पत्र लिहायला चार दिवस लागले. डिक्शनरी घेऊन बसायचो, दोन ओळी लिहायचो आणि खोडायचो. 'उपास मोडणे' हे इंग्रजीत कसं म्हणतात ते विचारायला सरांच्या घरापर्यंत गेलो आणि दारातून परत आलो. म्हातारीचं नाव माहीत नसल्यामुळे पत्र बंदरातल्या देवळाच्या पुजाऱ्याच्या नावाने लिहिलं. त्यात निळं दार, कपडे धुणारी आजी, हिंदुस्थानातला स्वयंपाकी, चुलीवरचं भांडं, सगळं आलं. बेटाचं नाव नानांनी मला अक्षर अक्षर सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, कारण मला अजून ते नीट म्हणता येत नाही. खाली नानांनी सही केली, मराठीत, फार सावकाश.

पाकीट चिकटवल्यावर मी मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता इंग्रजीत लिहायला घेतला. नाना म्हणाले, "तठे मराठीमा लिख. उत्तर उनं तं आपला पोस्टमनले वाचता येवाले पाहिजे." ते मला अगदी पटलं. आमचा पोस्टमन इंग्रजी पत्ता दिसला की पाकीट हातात धरून चौकातल्या लोकांना विचारत फिरायचा. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: प्रेषक, मु. पो. अमळनेर, जि. जळगाव. आतल्या कागदावर पत्ता लिहायला जागा उरली नव्हती, आणि पाकिटावर होताच.

उत्तर आलं नाही. पुढच्या ऑगस्टला दुसरं पत्र लिहिलं, त्याच्या पुढच्या ऑगस्टला तिसरं. इंग्रजी दर वर्षी थोडं सुधारत गेलं, पाकिटाची मागची बाजू तशीच राहिली. पोस्टमन गल्लीत शिरला की नाना चूल सोडून दाराशी येत. काही विचारत नसत. पोस्टमन मान हलवी आणि ते परत आत जात.

त्या तीन वर्षांत एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. गावातले एक डॉक्टर एका रविवारी हातात इंग्रजी मासिक घेऊन खाणावळीत आले. त्या समुद्राकाठचे लोक कडधान्यं, पालेभाज्या, फळांचं तेल खातात म्हणून त्यांची हृदयं धडधाकट असतात, असं त्यात छापून आलं होतं. डॉक्टर फार आनंदात होते. नाना, तुम्ही जे करता ते आता मोठमोठे लोक सांगायला लागले आहेत, म्हणाले. पदार्थांची यादी द्या, मी रोग्यांना लिहून देतो. नानांनी त्यांना आधी पंगतीला बसवलं. डॉक्टर घाईचे, दहा मिनिटांत जेवले आणि उठू लागले, तर नानांचा हात त्यांच्याही खांद्यावर पडला. शेवटचा मुलगा जेवेपर्यंत गावातले सगळ्यात मोठे डॉक्टर रिकाम्या ताटासमोर बसले. मग नाना म्हणाले, "यादी देस मी. पन हाई औषध नही, डॉक्टरसाहेब. एक म्हातारीना उपास शे." आणि त्यांचं ताट उचलत, "तुम्ही बसनात ना आते, ते पन लिखी द्या."

डॉक्टर हसले. पण ते पुढे दर रविवारी येऊ लागले आणि बसू लागले. मला त्या दिवशी प्रथम वाटलं की आपण फार मोठ्या माणसाच्या हातचं जेवतो आहोत, आणि हे आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही.

बी.ए. झाल्यावर मी एम.ए.ला धुळ्याला आलो. इथे पहिल्याच वर्षी एका प्राध्यापकांनी मला परदेशी पाठवायच्या पाकिटावर पत्ता लिहायला सांगितला. मी लिहिला. पाकीट उलटून मागे सवयीने 'प्रेषक' लिहिलं. ते बघून प्रोफेसर म्हणाले, "अरे, हे तिकडे वाचणार कोण? तुझा मामा?"

वर्गातली दोन मुलं हसली. मी तिथेच उभा राहिलो. मला अमळनेरच्या पोस्टाच्या पेटीत पडलेली तीन पाकिटं दिसत होती आणि दारापर्यंत येऊन परत जाणारे नाना दिसत होते.

त्याच संध्याकाळी मी चौथं पत्र लिहिलं. नानांना कळवलं नाही, धीर झाला नाही. या वेळी पत्ता आत, बाहेर, पुढे, मागे, सगळीकडे इंग्रजीत लिहिला आणि शेवटी 'इंडिया' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. पत्ता मात्र नानांचाच दिला. उत्तर त्यांच्या दारात यावं असं मला वाटलं.

डिसेंबरमध्ये माझी माय आठ दिवसांसाठी माझ्या खोलीवर आली होती. येताना शेतातली वांगी आणि पिशवीभर कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ घेऊन आली. त्या दिवशी सकाळी तिने घरमालकिणीच्या अंगणात जाळ करून भरीत केलं होतं. आम्ही जेवायला बसणार एवढ्यात दारात नाना. अमळनेरहून एस.टी.ने आले होते, खाकी शर्ट, टोपी, हातात एक पाकीट. न फोडलेलं. पोस्टमनने ते चौकात विचारून आणून दिलं होतं. अमळनेरात ते कुणीही वाचून दाखवलं असतं, डॉक्टरांनी तर नक्कीच. पण नाना एवढा प्रवास करून माझ्याकडे आले होते.

मायने त्यांना पाट दिला. मी पाकीट फोडलं. ओळ ओळ वाचून मराठीत सांगायला लागलो.

पत्र पुजाऱ्याचं होतं, एका जुन्या खलाशाकडून इंग्रजीत लिहून घेतलेलं. पहिल्याच ओळीत माझी चूक होती. मी ती गाळू शकलो असतो. गाळली नाही. तुमची आधीची तीन पत्रं देवळाच्या खणात आहेत, असं लिहिलं होतं, पण पाकिटामागची अक्षरं इथे कुणालाच वाचता आली नाहीत, त्यामुळे उत्तर कुठे पाठवावं ते कळेना. मी एवढं वाचलं आणि थांबलो. नाना, ते मी लिहिलं होतं, असं म्हणालो.

नाना म्हणाले, "मराठीमा लिख, आसं मीच सांगेल व्हतं ना तुले? तुन्ही चूक नही ती. पुढे वाच."

पुढे लिहिलं होतं की आजीला जाऊन आता नऊ वर्षं झाली. नानांनी डोळे मिटले, लगेच उघडले, आणि हाताने वाच म्हणून खूण केली. मी वाचत गेलो. त्या दिवशी आजी डोंगरावरून आली तेव्हा बोट गेलेली होती. तिने ताटली उचलून पाहिलं आणि पुन्हा झाकली. भांडं उचलून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवलं. कुणालाही हात लावू दिला नाही. तेल एवढं होतं की वर बोटभर थर आला होता, त्यामुळे ते खराब व्हायचा प्रश्न नव्हता.

भरीत ठेवून द्यायचं, ही गोष्ट आमच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. भरीत उरतं, हीच कल्पना खानदेशात नाही. मी मायकडे पाहिलं, तर तीही डाव तसाच हातात धरून ऐकत होती. तिला ग्रीस कुठे आहे माहीत नव्हतं, पण भांडं झाकून ठेवणारी बाई तिला दिसत होती.

मी शेवटचा परिच्छेद वाचला. मग नानांनी टोपी काढून बाजूला ठेवली, पाट पुढे ओढला आणि मायला म्हणाले, "अक्का, माले बी वाढ."

मायला सगळं माहीत होतं, मी सुट्टीत घरी सांगितलेलं. ती घाबरून म्हणाली, "नाना, तुम्ही तं भरीत खातस नही ना?"

"वाढ," ते म्हणाले. "तेल वरथून सोड."

मायने वाढलं. वरून कच्चं तेल सोडलं, तिच्या पद्धतीने, भरपूर. नानांनी कळण्याची भाकरी मोडली, घास केला आणि तो हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"शेवटलं परत वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. "दुसऱ्या दिवशी सणाच्या जेवणाला घरात सगळं होतं, पण आजीने आधी ते भांडं पुढे घेतलं. तिखटाने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने ते सगळं एकटीने खाल्लं, आणि पावाने भांडं पुसून घेतलं."